पाळी सुटल्यावरचा तास

बजाज ऑटोने १९८५ मध्ये वाळूजला कारखाना सुरू केला आणि त्यामागोमाग सुटे भाग पुरवणारे कारखाने आले. आज एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्यांची मुख्य कार्यालयेही इथेच आहेत. चाळीस वर्षांत गंगापूर तालुक्यातल्या या गावाभोवती डायकास्टिंग, प्लास्टिक मोल्डिंग, टायर, औषधनिर्मिती असे नाना प्रकारचे काम जाणणारी माणसे बजाजनगरापासून रांजणगाव शेणपुंजीपर्यंत वस्तीला आली. इथून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत छत्रपती संभाजीनगरातली महाविद्यालये आहेत: १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, देवगिरी, एमजीएम, पैठण रस्त्यावर कांचनवाडीच्या बाजूला असलेल्या संस्था. दोन्हीकडची माणसे एकमेकांना भेटतात ती बहुधा वर्षातून दोनदा. एकदा विद्यार्थ्यांची बस कारखाना बघायला येते, आणि एकदा १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाला कंपनीतला कुणी मोठा अधिकारी महाविद्यालयात भाषण करून येतो. या दोन भेटींच्या पलीकडे जाऊन ज्यांना नोकरी सांभाळून एखादा विषय खरोखर शिकवायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: कारखान्यातला माणूस वर्गात नेऊ शकतो अशी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे निर्णय कसा घेतला जातो हे, आणि ते पाहुण्याला शिकवता येत नाही. त्यासाठी अभ्यासक्रमाचा एखादा लहान तुकडा सबंध सेमिस्टरभर, परीक्षा आणि गुणांसकट, आपल्या अंगावर घ्यावा लागतो.

पुष्कळांना वाटते की आपली खरी शिदोरी म्हणजे नव्या यंत्रांची माहिती. कॉलेजात जुना लेथ आहे, आमच्याकडे पाच अक्षांचे मशीन आहे, ते मुलांना सांगू. पण यंत्रे दर पाच-सात वर्षांनी बदलतात आणि त्यांची माहिती निर्मात्याच्या व्हिडिओतही मिळते. तुमच्याशिवाय मिळत नाही ती वेगळीच गोष्ट. एक उदाहरण घेऊ. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये २५ मिलिमीटरचे एच-सेव्हन भोक आहे, त्यात जी-सिक्स शाफ्ट बसतो. पुस्तकातून विद्यार्थी हिशेब काढतो: भोकाची वरची मर्यादा २५.०२१, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, म्हणून कमीत कमी मोकळीक ७ मायक्रॉन आणि जास्तीत जास्त ४१. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. आता कारखान्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. तपासणीच्या टेबलावर चारशे नग आहेत, बोअर गेज २५.०२३ दाखवतो आहे, गाडी चार वाजता निघायची आहे. काय कराल? अनुभवी माणूस इथे नग बाजूला करण्याआधी त्याला हात लावून बघतो. तो गरम आहे का? मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानतात. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात सुमारे २३ भाग इतके प्रसरण पावते, म्हणजे नग ५ अंशांनी गरम असेल तर २५ मिलिमीटरचे भोक जवळजवळ ३ मायक्रॉनने मोठे भासते. ते वजा केले की आकडा २५.०२० वर येतो आणि माल मर्यादेत बसतो. पण गेज ज्या रिंगवर शून्य केला ती रिंग कुठे ठेवली होती? तीही उन्हाच्या खिडकीत असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. आणि थंड झाल्यावरही नग मर्यादेबाहेरच निघाला तर? मग सकाळपासूनचा माल वेगळा काढायचा, ग्राहकाला कळवायचे, की टूल बदलून पुढे जायचे? प्रसरणाचा गुणांक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी भौतिकशास्त्रात पाठ केलेला असतो, टॉलरन्सचे तक्ते दुसऱ्या वर्षी. या दोन गोष्टी एकाच टेबलावर, घड्याळ चालू असताना एकत्र येतात हे मात्र त्याला कुणी दाखवलेले नसते. ते दाखवणे हे तुमचे काम.

यावर एक शंका रास्त आहे. आधी सिद्धांत पक्का व्हावा आणि मग प्रत्यक्षातले प्रश्न द्यावेत, नाहीतर मुले गोंधळतील, असे बहुतेक शिकवणाऱ्यांना मनापासून वाटते. याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेतले संशोधक केनेथ कोडिंजर आणि मिचेल नेथन यांनी बीजगणित नुकतेच शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांना तेच गणित दोन रूपांत दिले, एकदा साध्या समीकरणात आणि एकदा शाब्दिक उदाहरणात. शिक्षकांचा अंदाज होता की शाब्दिक उदाहरण अवघड जाईल. घडले उलटे; शाब्दिक उदाहरणे अधिक विद्यार्थ्यांना सुटली, कारण प्रसंग समजल्यावर त्यांनी आपल्या पद्धतीने वाट काढली. नेथन आणि अँथनी पेट्रोसिनो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: शिक्षकी पेशात येऊ घातलेल्यांपैकी ज्यांचा विषय जास्त पक्का, तेच ‘आधी चिन्हे, मग प्रसंग’ या समजुतीला अधिक चिकटून होते. जाणकाराला आपण कसे शिकलो ते आठवेनासे होते. शाळकरी बीजगणितावरून अभियांत्रिकीच्या सगळ्या विषयांबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण प्रसंगापासून सुरुवात केल्याने मुले बुडतात ही भीती धरण्याचे कारण नाही, एवढे त्यातून घेता येते. त्याहून महत्त्वाचा इशारा तुमच्यासाठी आहे. पंधरा वर्षे कॅलिब्रेशन केलेल्या माणसाला ‘लीस्ट काउंट’ हा शब्द समजावून सांगावा लागतो हेच लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक तासाच्या तयारीत आधी लिहून काढा की हा निर्णय घेताना आपण मनातल्या मनात कोणत्या पाच-सात गोष्टी तपासतो. ती यादी लिहायला वाटते त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तीच तुमची खरी टिपणवही असते.

एका भाषणाने हे का साधत नाही, तेही इथेच कळते. पाहुणा तासभर बोलतो, मुले टाळ्या वाजवतात, फोटो निघतो. निर्णय घ्यायला शिकणारा मुलगा आधी चुकायला हवा. चूक कुणीतरी वाचायला हवी. पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा तसाच, पण थोडा वेगळा प्रश्न मिळायला हवा. हे चक्र निदान दहा-बारा आठवडे चालावे लागते. त्यात गुणांचा प्रश्नही आहे. ज्याच्या हातात अंतर्गत मूल्यमापन नाही त्याच्या तासाला परीक्षेच्या आठवड्यात कोण बसणार? विद्यार्थ्यांना याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यावर सहा विषयांचे सबमिशन असते आणि ते आपला वेळ जपून वापरतात.

मात्र सबंध विषय घेण्याआधी कागदावर हिशेब मांडा. तीन श्रेयांकांचा लेखी विषय म्हणजे, एका श्रेयांकाला १५ तास या नियमाने, ४५ तास. पहिल्यांदा शिकवताना एका तासाच्या तयारीला तीन तास धरा. त्यापेक्षा कमी धरणे ही स्वतःची फसवणूक होईल. ते झाले १३५. साठ विद्यार्थ्यांच्या दोन चाचण्या, प्रत्येक उत्तरपत्रिकेला दहा मिनिटे, म्हणजे आणखी २०. एकूण दोनशे तास, पंधरा आठवड्यांत. आठवड्याला तेरा तासांवर, आणि नगर नाक्याची गर्दी त्यात धरलेली नाही. पाळी बदलत असलेल्या किंवा महिनाअखेरीला उत्पादनाचे लक्ष्य डोक्यावर असलेल्या माणसाला हे पेलत नाही. डिसेंबर येईपर्यंत तो एकतर तास बुडवू लागतो किंवा पीपीटी वाचून दाखवू लागतो. म्हणून पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाची एक बॅच मागा. एक श्रेयांक, ३० तास, आठवड्याला एकदा सलग दोन तास, समोर वीस-बावीस मुले. प्रयोगांची यादी ठरलेली असते, त्यामुळे तयारी आटोक्यात राहते. उपकरण हातात असते, त्यामुळे मायक्रॉनचा तो प्रसंग फळ्यावर रंगवावा लागत नाही. एक हाउसिंग आदल्या रात्री फ्रिजमध्ये आणि दुसरे उन्हात ठेवले की झाले. आणि वीस जर्नल तुम्ही खरोखर वाचू शकता. मेट्रॉलॉजी, क्वालिटी कंट्रोल, मेंटेनन्स, औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात विश्लेषणाची प्रयोगशाळा, वाणिज्य शाखेत जीएसटीचे विवरणपत्र भरणे हे असे विषय आहेत. याउलट थर्मोडायनॅमिक्स किंवा गणित पूर्णवेळ शिक्षकांकडेच राहू द्यावे. तिथे वर्षानुवर्षे शिकवून आलेली मांडणीची हातोटी लागते आणि कारखान्याचा अनुभव फारसा कामी येत नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोललेले बरे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी व्याख्यात्यांसाठी एका व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असे मानधन ठरवले. वरचा ४५ तासांचा विषय या दराने ६७,५०० रुपयांचा होतो. दोनशे तासांनी भागला तर ताशी साडेतीनशेच्या आत. राज्यातल्या महाविद्यालयांतले तासिका तत्त्वाचे दर सहसा याहूनही कमी असतात आणि मानधन हातात पडायला सेमिस्टर उलटून जाऊ शकते. घराचा हप्ता यातून फेडण्याचा बेत असेल तर सुरुवातच करू नका. पण म्हणून फुकट शिकवण्याचा मोठेपणाही घेऊ नका. फुकट मिळालेला माणूस वेळापत्रकात सर्वांत आधी हलवला जातो. शिवाय तुम्ही फुकट शिकवले की शेजारच्या वर्गात त्याच मानधनावर घर चालवणाऱ्याच्या श्रमाची किंमत तुम्ही खाली आणता.

हा शेवटचा मुद्दा या विषयातला सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि त्याला बगल देता कामा नये. महाराष्ट्रात नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली हजारो माणसे कायम पदे भरली जात नाहीत म्हणून वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबत आहेत. चांगल्या पगाराची नोकरी असलेल्या माणसाने हौसेने घेतलेला तास त्यांच्या ताटातला घास असू शकतो. याला उत्तर आहे, पण ते तुमच्या वागण्यातून द्यावे लागते. विभागप्रमुखांना पहिल्याच भेटीत विचारा: हा तास आधी कोण घेत होते? ते यंदा घेणार नाहीत का, आणि का नाही? तासिका तत्त्वावरच्या एखाद्या सहकाऱ्याचा भार कमी करून तुम्हाला विषय दिला जात असेल तर नकार द्या आणि दुसरा मागा. आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’साठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे तत्त्व चांगले मांडले आहे. निदान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला औपचारिक शैक्षणिक पात्रतेच्या अटीशिवाय घेता येते, पण या नेमणुका मंजूर पदांच्या बाहेरच्या असाव्यात, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात आणि त्यांच्यामुळे नियमित भरतीला बाधा येऊ नये, असे त्या सांगतात. एकूण मुदतही सर्वसाधारणपणे तीन वर्षे, अपवाद म्हणून चार. म्हणजे जागा अडवून बसणे या कल्पनेतच नाही. कायम शिक्षकाबरोबर एकच विषय वाटून घेणे हा आणखी चांगला मार्ग: सिद्धांत त्यांचा, प्रात्यक्षिक आणि प्रकल्प तुमचा. त्यांना कारखान्याचे दार उघडे होते, तुम्हाला प्रश्नपत्रिका कशी काढायची ते कळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या आराखड्यात कार्यप्रशिक्षण आणि कौशल्याधारित विषयांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले आहेत. तिथे माणसे खरोखर कमी आहेत, आणि तिथे गेलात तर कुणाचा तास जात नाही.

पंधरा वर्षे झालेली नसतील तर पात्रतेचा प्रश्न येतो. तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता होण्यासाठी प्रथम श्रेणीतली अभियांत्रिकी पदवी पुरते. अभियांत्रिकी महाविद्यालयात पदव्युत्तर पदवीही लागते आणि दोहोंपैकी एकीत प्रथम श्रेणी. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत पदव्युत्तर पदवीबरोबर नेट किंवा सेट धरा. वाळूजमधल्या बहुतेक अभियंत्यांसाठी पहिले दार तंत्रनिकेतनाचे आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. डिप्लोमाची मुलेच दोन-तीन वर्षांत तुमच्या लाइनवर उभी राहणार असतात.

नोकरी आणि शिकवणे एकत्र चालत नाही, अशी हरकत कंपनीकडून येऊ शकते. वकिलीच्या पेशाने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. १९७९ च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो आणि त्याची सनद अबाधित राहते. परंपरा त्याहून जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकिली करत असताना १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउन्टन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते, १९२८ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयात अर्धवेळ प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले. त्याच संस्थेने १९५० मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाला जुळवून वेळापत्रक आखता येते, हे त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखवले होते. आज प्राचार्यांकडे शनिवारचे सलग दोन तास किंवा सकाळी साडेसातची तासिका मागताना संकोच करण्याचे कारण नाही. कांचनवाडीकडे जायचे असेल तर ए. एस. क्लबपासून लिंक रोडने शहर टाळता येते. एमजीएमला जायचे तर अख्खे शहर ओलांडावे लागते. महाविद्यालय निवडताना नावाइतकाच या वाटेचा विचार करा.

अभियंत्याला वकिलासारखा नियम नाही, त्याच्याकडे आहे ते नेमणूकपत्र. त्यात दुसरे काम न करण्याचे कलम बहुधा असतेच. ते आधी वाचा आणि मनुष्यबळ विभागाकडून लेखी परवानगी घ्या. अर्जात विषय, आठवड्याचे तास, वार आणि मानधन स्पष्ट लिहा. वरिष्ठ तोंडी हो म्हणाले एवढ्यावर जाऊ नका, वरिष्ठ बदलतात. वर्गात ग्राहकाचे ड्रॉईंग, रिजेक्शनचे खरे आकडे किंवा कुठल्या पुरवठादाराचा माल परत गेला ते नाव कधीही नेऊ नका. परिमाणे बदला, नग बदला, प्रसंगाचा सांगाडा तेवढा ठेवा. वरच्या उदाहरणात हाउसिंग कोणत्या गाडीचे हे माहीत असण्याची विद्यार्थ्याला गरज पडली नाही.

समोर बसलेल्या मुलांचाही विचार हवा. यातली बरीचशी वैजापूर, कन्नड, पैठण, गंगापूरच्या गावांतून मराठी माध्यमात शिकून आलेली आहेत आणि परीक्षा इंग्रजी शब्दांत देणार आहेत. समजावणी मराठीत, पारिभाषिक शब्द इंग्रजी, आणि फळ्यावर दोन्ही, ही रीत धरा. कारखान्यात ज्याला आपण ‘प्ले’ म्हणतो त्याला पुस्तकात ‘क्लिअरन्स’ म्हणतात हे एकदा सांगून टाकले नाही, तर मुले ते दोन वेगळे विषय समजतात. अभ्यासक्रम जुनाट आहे अशी तक्रार वर्गात करू नका. परीक्षा त्याच अभ्यासक्रमावर आहे आणि तुमच्या शेऱ्याने मुलाचा त्याच्या पुस्तकावरचा विश्वास तेवढा जातो. तंत्रशिक्षण मंडळाचा किंवा लोणेरेच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम हातात घेऊन प्रत्येक प्रयोगासमोर एक निर्णयाचा प्रश्न जोडा. बदल करायला तेवढी जागा नक्की असते. तोंडी परीक्षेत उत्तराइतकेच ‘हे तू कसे ठरवलेस’ याला गुण द्या, आणि तसे पहिल्याच आठवड्यात जाहीर करा.

विभागात विषयवाटप सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधी होते, साधारण मे-जूनमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. त्या सुमारास विभागप्रमुखांना भेटा, आणि बायोडेटाच्या चार पानांऐवजी एकच कागद न्या: अभ्यासक्रमातला कोणता प्रयोग, त्याला जोडलेला कोणता निर्णय, त्यासाठी प्रयोगशाळेत काय आहे आणि कंपनीच्या परवानगीने भंगारातून तुम्ही काय आणू शकता. नाकारलेले नग, झिजलेली टूल्स, तुटलेले फिक्स्चर. वाळूजच्या कारखान्यांत रोज बाहेर पडणारी ही सामग्री प्रयोगशाळेला विकत घेता येत नाही. तो कागद पाहून त्यांनी ‘हे आमच्या कोणत्या सरांबरोबर घ्याल?’ असे विचारले, तर त्याच दिवशी त्या सरांना भेटून या.